अंगरखा घालून बघा

"दोन्ही अंगरखे शेजारी शेजारी टांगा," बहाद्दर म्हणाला, "आणि ज्या माशांचं कातडं काढलंय ना, त्या माशांना बोलवा. त्यांनासुद्धा आपलं कुठलं ते ओळखता यायचं नाही!"

संचालक मॅडम हसल्या. हे त्यांचं त्या आठवड्यातलं पहिलं हसू होतं, आणि शेवटचंही ठरलं.

बहाद्दर हे काही खरं नाव नव्हे. संग्रहालयात मांडणीचं काम त्याच्याकडं होतं: कुठली वस्तू कुठल्या काचेत, किती उंचीवर, कुठल्या तोंडानं. खिळा ठोकायला तो कधी पट्टी घ्यायचा नाही. "नजरेनं होतं," म्हणायचा, म्हणून नाव पडलं बहाद्दर. भिंतीवरच्या निम्म्या चौकटी त्यामुळं जराशा तिरक्या होत्या. कुणी दाखवून दिलं तर त्याचं उत्तर तयार असे: "चौकट सरळच आहे, तुमची मान बघून घ्या एकदा."

नवं प्रदर्शन होतं कातडीवर. अर्धा हॉल प्राण्यांचा. गेंड्याच्या कातड्याचा जाड तुकडा, सापाची कात, कातडीनं श्वास घेणारा बेडूक, साळिंदराचे काटे. उरलेला अर्धा माणसांचा. सुरकुत्या, व्रण, गोंदण, आणि एक आख्खी भिंत माणसानं माणसाला रंगावरून काय काय भोगायला लावलं त्याची. त्या भिंतीवर गोरेपणाच्या मलमांच्या जुन्या जाहिरातीही होत्या. पण सगळ्या प्रदर्शनाचा खर्च एका मलमवाल्या शेठनं उचलला होता. त्यामुळं त्यांची जाहिरात भिंतीवरून काढून दाराशी लावली, आणि तिच्या खाली मलमाच्या डब्यांचा मनोरा रचला. येणाऱ्या प्रत्येकाला एक डबा भेट. मलमाला गुलाबाचा असा काही वास होता की गेंडासुद्धा लग्नाला निघाल्यासारखा वाटत होता.

आणि मधोमध, काचेच्या पेटीत, प्रदर्शनाचा मानकरी: माशाच्या कातडीचा अंगरखा. नदीत होडी चालवणारा एक म्हातारा तो घालायचा. कातडी सोलून, कुटून, मऊ करून शिवलेली. पुढं बटण नाही की बंद नाही, कारण फट ठेवली की पाणी शिरतं. डोक्यातून घालायचा आणि डोक्यातूनच काढायचा. त्या म्हाताऱ्याची नात आता स्वतःच म्हातारी झाली होती. नदीकाठी दोन खोल्यांचं छोटं संग्रहालय चालवायची. अंगरखा तिनं कुरिअरनं पाठवला नव्हता. मांडीवर घेऊन, आख्ख्या प्रवासात एक डुलकी न काढता, स्वतः आणला होता. सगळे तिला पाहुण्या बाई म्हणत.

मॅडमच्या डोक्यात मात्र आणखी एक कल्पना होती. लोकांना नुसतं बघायला आवडत नाही, हात लावायचा असतो. म्हणून पेटीच्या शेजारी एक कोपरा, तिथं एक खुंटी, खुंटीला अंगरख्याची नक्कल, आणि वर पाटी: 'घालून बघा. दुसऱ्याच्या कातडीत शिरा.'

नक्कल बहाद्दरनं फोटोंवरून केली होती. मलमलीवर पातळ कागद, कागदावर डिंक, डिंकावर रंग. प्रत्येक शिवण, प्रत्येक ठिगळ, काखेतला काळा डागसुद्धा. जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवला, चुलीच्या धुरावर धरला, चटईखाली घालून त्यावर बायकोला चालायला लावलं.

"अंगरखा आजची संध्याकाळ ओरखडा न पडता पार पडू दे," मॅडम त्याला म्हणाल्या होत्या. "उद्या समितीपुढं तुझं नाव ठेवते. कायम करून टाकू."

"आणि ओरखडा पडला तर?"

"तर तूही घरी. आणि मीही."

सात वर्षं तो हंगामी होता. त्यात बायकोनं माहेरी तो कायम झाल्याचं आधीच सांगून टाकलं होतं. खरं काय ते माहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं, तिच्या धाकट्या भावाला, कारण तो याच संग्रहालयात दिव्यांचं काम बघायचा. मेहुणा तोंडाचा पक्का होता, म्हणजे रोज एकदा आठवण करून द्यायचा की आपण तोंडाचे पक्के आहोत.

संध्याकाळी दारं उघडली. हॉल भरला. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. कातडी हे शरीराचं सगळ्यात मोठं इंद्रिय आहे, वगैरे. बहाद्दर मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, आपल्या दोन्ही अंगरख्यांकडं बापाच्या कौतुकानं बघत होता. तेवढ्यात मेहुणा सरबताचे ग्लास भरलेला ट्रे घेऊन आला.

"घ्या दाजी. थंडगार आहे."

"दिवे सोडून सरबत कुठं वाटतोस?"

"वाटणारा आला नाही. बर्फही कमी पडला, मग खालच्या मोठ्या फ्रीझरच्या भिंतीला लागलेला खरवडून घातला."

बहाद्दरनं ग्लास तोंडाजवळ नेलेला होता. तो तिथंच थांबला. खालचा मोठा फ्रीझर म्हणजे कातडी गोठवायचा फ्रीझर. कातडीतली कसर, म्हणजे कीड, मरावी म्हणून बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू आधी त्यात गोठवायची, असा नियम. मॅडमचा नियम इतका कडक की नक्कलसुद्धा गोठवावी लागली होती, डिंकालाही कसर लागते म्हणून. दोन्ही अंगरखे आठवडाभर त्यात पडून होते, दोन सारख्याच पांढऱ्या पिशव्यांत.

"अरे, ज्यात मेलेली जनावरं ठेवतात त्यातला बर्फ?"

"धुतला की! दाजी, तुमच्या ग्लासात कागद आहे बघा."

होता. बर्फाच्या खड्याला चिकटून एक चिठ्ठी तरंगत होती. बहाद्दरनं ती बोटानं काढली. शाई पसरली होती, पण अक्षर त्याचंच होतं. 'अस्सल.'

"पिशवीवरची असेल," मेहुणा म्हणाला. "गारठ्यानं डिंक सुटला असेल. दुसरी तिथंच तळाला पडलीय."

"हो. सकाळी पिशव्या काढल्या तेव्हा चिठ्ठ्या नव्हत्याच."

"मग तुम्ही ओळखलं कसं, कुठला कुठला ते?"

"नजरेनं."

"म्हणजे कसं?"

"कसं म्हणजे? जुना दिसला तो पेटीत टांगला, नवा दिसला तो खुंटीला."

मेहुणा विचारात पडला. त्याला विचार करताना बघणं हा एरवी गमतीचा भाग असायचा.

"पण दाजी, जुना दिसावा म्हणून तर तुम्ही महिनाभर त्याला चहात बुडवत होतात. ताई तर म्हणत होती, फोटोतला मूळचा एवढा जुना दिसत नाही."

बहाद्दरनं मान वर केली. समोर पेटीत एक अंगरखा होता, खूप जुना, खूप मळका, अगदी हवा तसा. जरा जास्तच हवा तसा. आणि खुंटीवर...

खुंटी रिकामी होती.

"आणि आता," मॅडमचा आवाज आला, "आपले शेठ स्वतः दुसऱ्याच्या कातडीत शिरून प्रदर्शनाचं उद्घाटन करतील!"

मलमशेठ देहानं भरदार होते. नदीवरचा म्हातारा सडपातळ असावा. शेठनी दोन्ही हात वर केले, दोघांनी वरून अंगरखा घातला, तो खांद्यावर थांबला, दोघांनी ओढला, तो पोटावर थांबला, तिघांनी ओढला. फोटोवाले ओरडले, "इकडं, इकडं!" शिवणी कुरकुरल्या. ती कुरकुर सगळ्या हॉलमध्ये एकट्या बहाद्दरला ऐकू गेली.

पाहुण्या बाई शेठच्या अगदी शेजारी उभ्या होत्या. हसत होत्या.

"बसला हो, बसला!" त्या म्हणाल्या. "आमचे आजोबा असते तर पोट धरून हसले असते."

बहाद्दर गर्दीतून वाट काढत पोचला. हात लावून बघावं तर बाईंचं लक्ष. न बघावं तर जीव जातोय. तो मेहुण्याच्या कानाशी लागला. "बाई सकाळी काय म्हणाल्या होत्या? आजोबांच्या अंगरख्यावर पाण्याचा थेंब टिकत नाही."

"मग?"

"माझ्या अंगरख्यात मुरेल. डिंक आहे तो. सरबत सांड."

"कुणावर?"

"गेंड्यावर! अरे शेठवर!"

मेहुण्यानं आयुष्यात कुठलंच काम एवढं मन लावून केलं नसेल. पाय अडखळला, ट्रे कलंडला, आणि सहा ग्लास सरबत शेठच्या छातीवर गेलं. हॉलमध्ये "अरेरे" झालं. बहाद्दर श्वास रोखून बघत होता. भिजू दे. देवा, भिजू दे, फुगू दे, लगदा होऊ दे.

सरबत मोत्यांसारखं घरंगळलं आणि शेठच्या बुटांवर टपटपलं. अंगरखा कोरडा ठणठणीत.

"अगंबाई!" पाहुण्या बाई पुढं झाल्या. त्यांनी ओल्या बोटानं अंगरखा चाचपला. "थेंबसुद्धा धरला नाही! दादा, नकलेनं पाणी झटकावं? आमच्या आजोबांना हे जमायला वर्ष लागायचं. काय लावलंत तरी काय?"

सगळे बहाद्दरकडं बघत होते.

"ते," तो म्हणाला, "गुपित आहे."

टाळ्या पडल्या. बहाद्दरला आयुष्यात पहिल्यांदाच टाळ्या मिळत होत्या, आणि त्यातली एकेक थोबाडीत बसल्यासारखी वाटत होती.

आता एकच काम होतं. शेठना त्यातून अलगद काढायचं. शेठनाही तेच हवं होतं. दिव्यांखाली त्यांना उकडायला लागलं होतं. दोघांनी अंगरखा वर ओढला. तो पोटावरून सुटला, छातीवर आला, आणि तिथं रुतला. शेठचे दोन्ही हात वर, डोकं आत. बाहेर दिसत होतं ते फक्त पोट आणि आतून येणारा आवाज.

"श्वास कोंडतोय!"

"ओढा," कुणीतरी म्हणालं.

"नका ओढू!" बहाद्दर किंचाळला.

"मग ढकला!"

"नका ढकलू!"

"काय करायचं ते करा, पण लवकर!" पोट म्हणालं.

मॅडम शांत बाई होत्या. संकटात त्या आणखी शांत व्हायच्या. "कात्री आणा," त्या म्हणाल्या. "पाठीवर उभा कापू. नक्कलच आहे. बहाद्दर दुसरी करील."

कार्यालयातून कात्री आली. मोठी, पुठ्ठा कापायची. बहाद्दर शेठच्या पाठीशी जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून.

"बाजूला हो रे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ह्याच्यात माझा जीव आहे."

"त्याच्यात शेठचा जीव आहे!"

"दादा," पाहुण्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "कलाकाराचा जीव तुटतो, मला कळतं. पण माणूस मोठा की कातडं? अस्सल तर तिकडं पेटीत सुखरूप आहे ना. द्या ती कात्री, मी कापते. मला कुठून उसवतात ते ठाऊक आहे."

आणि त्यांनी खरंच कात्री हातात घेतली. आजोबांच्या अंगरख्याच्या पाठीवरची शिवण बोटानं शोधली. पातं टेकवलं.

सांगून टाकावं. बहाद्दरनं तोंड उघडलं. सांगितलं की नोकरी गेली, न सांगितलं की अंगरखा गेला आणि नोकरी त्याच्या मागून जाणारच. जिभेवर आलेला शब्द 'बाई' होता. पण त्याची नजर, ज्या नजरेनं सगळा घोळ घातला होता तीच, दारातल्या मनोऱ्यावर गेली.

"मलम!" तो ओरडला. "शेठचं मलम! चोपडा, सुळकन निघतील!"

मेहुणा धावला. मनोऱ्याच्या बुडातला डबा त्यानं ओढला आणि सगळा मनोरा खाली आला. डबे हॉलभर गडगडले. लोक वाकून गोळा करू लागले, काहींनी दोन-दोन घेतले.

"मलम नको!" आतून आवाज आला.

"शेठ, तुमचंच आहे!"

"माझंच आहे म्हणूनच नको! मला त्यानं पुरळ येतं!"

हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की एका वार्ताहराच्या पेनची टोपी उघडल्याचं ऐकू आलं.

पण तोवर बहाद्दरचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत होते. त्यानं शेठच्या बगला, मान, कान, जिथं हात पोचेल तिथं मलम थापलं. गुलाबाच्या वासानं पुढच्या रांगेतल्या दोघांना शिंका आल्या. मेहुण्यानं शेठच्या कमरेला मिठी मारली, बहाद्दरनं अंगरख्याच्या कडा बाळाचं दुपटं धरावं तशा धरल्या, आणि शेठ लाल, चकचकीत, खाली सरकत बाहेर आले. बाहेर आल्याबरोबर खाजवायला लागले.

अंगरखा शाबूत होता. एक टाका उसवला नव्हता.

मॅडम शेठना आणि पाहुण्या बाईंना आपल्या खोलीत घेऊन गेल्या. बहाद्दरनं मेहुण्याकडं नुसतं बघितलं. हॉलच्या मधले दिवे गेले. "फ्यूज उडाला, जागेवरून हलू नका!" मेहुणा अंधारातून ओरडला. हे सांगायची गरज नव्हती, लोक अजून डबेच शोधत होते. बहाद्दरनं पेटी उघडली, आतला काढला, हातातला फडक्यानं आतून पुसला, टांगला, पेटीला कुलूप घातलं. नक्कल खुंटीला. दिवे आले. बहाद्दरनं लावलेली एखादी चौकट चुकून सरळ लागावी तसं सगळं जागच्या जागी होतं.

त्यानं मेहुण्याला बाजूला ओढलं. "तुझे उपकार कसे फेडू रे? माझ्या कातड्याचे जोडे करून तुझ्या पायात घालीन."

"नको दाजी," मेहुणा म्हणाला. "आज कातडं नावाचं काहीच नको. कायम झालात की ताईला तेवढं सांगा, मी गप्प होतो म्हणून."

मॅडम परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा निवळला होता. पेटीकडं एक नजर टाकून त्यांनी बहाद्दरच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास. उद्या समिती अकराला आहे. नवा शर्ट घालून ये."

बहाद्दरनं मान हलवली. 

तेवढ्यात शेठ आले. कपडे बदललेले, रेशमी कोट चढवलेला, मानेवर पुरळ. मागं सगळे फोटोवाले.

"हे बघा," ते म्हणाले, "पुरळाचं मी गमतीनं बोललो. पण उद्या छापून आलं तर माझा धंदा बसेल. तेव्हा आणखी एक फोटो पाहिजे. मी अंगरखा घालतो, हातात डबा धरतो, आणि वरून पाणी ओता. बाहेरून पाण्याचा थेंब शिरत नाही, आतून मलम सांभाळतं. जाहिरात तयार!"

"पाणी?" बहाद्दर म्हणाला.

"मघाशी नाही का सरबत सांडलं? तसंच."

"शेठ, परत अडकाल हो."

"आत मलम आहे, वर रेशीम आहे. सुळकन जाईल."

"पण अंगरखा दमलाय."

"अंगरखा दमतो?" मॅडमनी भुवया उंचावल्या. "शेठ म्हणतात तसं कर. सगळा खर्च त्यांचा आहे."

"आणि मलाही नीट बघायचंय," पाहुण्या बाई म्हणाल्या. "मघाशी गडबडीत बघितलं. दादा, खरंच सांगते, तुमच्या नकलेनं तर आमच्या अस्सलची पंचाईत केली. एकही थेंब धरला नाही."

नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की बाई विचारणार, मघाशी नव्हता भिजला, मग आताच का भिजेल? बहाद्दरनं मेहुण्याकडं बघितलं. मेहुणा छताकडं बघत होता.

अंगरखा शेठच्या अंगात सुळकन गेला. कुणीतरी पाण्यानं भरलेला जग आणून बहाद्दरच्या हातात दिला. "तुझी कला, तूच ओत," मॅडम म्हणाल्या.

त्यानं जग कलता केला आणि खांद्यावर दोन थेंब सोडले. थेंब आत न मुरता थांबले. एक क्षण त्याला वाटलं, डिंक वाळून दगड झालाय, धुरानं चामडं झालंय, देव आहे.

"अहो, फोटोत दिसलं पाहिजे!" शेठनी त्याच्या मनगटाला धरून जग उपडा केला.

आधी गळा गेला. मग बाह्या लोंबल्या आणि खांद्यापासून सुटल्या. चहाचा रंग रेशमी कोटावर उतरला, डिंक कोटाला चिकटला आणि कोट शेठना. फोटोवाले फोटो काढत राहिले. पाठीवरचं ठिगळ मॅडमच्या चपलेवर पडलं.

पाहुण्या बाईंनी त्या लगद्याकडं बघितलं, मग पेटीकडं. मग बहाद्दरसमोर हात पसरून त्यांनी किल्ली मागितली. त्यानं दिली. त्यांनी पेटी उघडली आणि अंगरख्यात नाक घातलं.

गुलाबाचा वास येत होता.